वळणावरची सावली

बहिणीचा नवरा म्हणजे अर्धा भाऊ, असं म्हणतात. पण खालच्या मजल्यावर किल्ल्या बनवणाऱ्या मेहुण्याला आपले भावोजी खरे किती कळले होते? चहा पार गार करून पितात, जिना चढताना शीळ घालतात आणि शोधजहाजावर तार सोडायचं चाक चालवतात. यापुढे त्याची गाडी अडायची.

शोध चालला होता एका बुडालेल्या जहाजाचा. जहाज इतकं नावाजलेलं की शाळेच्या पुस्तकात त्यावर धडा होता. धड्यात कप्तान होता, बडे प्रवासी होते. इंजिनघरात तेलपाणी बघणारा भावोजींचा थोरला भाऊ मात्र नव्हता. तो गेल्यापासून त्यांची आई रात्री दाराला कडी लावत नसे.

"येणार नाही, ते मलाही कळतं," ती म्हणायची. "पण कुठे आहे ते तरी कळू दे."

भावोजींचं काम म्हणजे समुद्राची नांगरटच. तळाचं चित्र काढणारं यंत्र लांब तारेला बांधून सरळ ओढत न्यायचं, टोकाला वळायचं, शेजारून परत यायचं. वळताना तार सैल पडते, यंत्र तळाजवळ जातं आणि बारक्या खडकाचीही सावली जहाजाएवढी दिसते. म्हणून वळणावरच्या चित्रावर विश्वास ठेवायचा नाही. नव्या माणसांना हे भावोजीच बजावत.

आणि एका वळणावर तेच फसले. पडद्यावर लांब, टोकदार सावली दिसली आणि त्यांनी थेट घरी फोन लावला.

"आई, सापडलं."

सरळ फेरीत तिथे खडक निघाला.

भावोजी घरी परतले तेव्हा दार आतून बंद होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांना कडी वाजवावी लागली. दुसऱ्या दिवशी ते मेहुण्याच्या दुकानात येऊन बसले.

"मेहुणेबुवा, तुम्हीच सांगा तिला. तुमचं ती ऐकते."

"मी? किल्ली चुकली हे गिऱ्हाइकाला सांगतानाही मला घाम फुटतो, भावोजी."

दोघं वर गेले. जाताना शीळ नव्हती. आई भाजी निवडत होती.

"खूप खोल आहे का रे?"

"खूप."

"तिथे उजेड नेला होतात ना? लहानपणी तो अंधाराला घाबरायचा."

भावोजींनी मेहुण्याकडे पाहिलं. मेहुण्याने चपलांकडे.

"नेला होता, आई."

झालं. जिना उतरताना भावोजी एवढंच म्हणाले, "आता ते खरंच सापडायला हवं."

पुढच्या मोसमात ते पुन्हा गेले. जहाज काही सापडलं नाही. भावोजीही आले नाहीत. तारेच्या चाकाशेजारीच त्यांचं हृदय थांबलं. वर आई अजून कडी लावून झोपते, आणि थोरल्याचं खरं काय ते सांगायला आता मेहुणाच उरला आहे. तो रोज जिन्यापर्यंत जातो.

निघतानाचं बोलणं आठवावं, तर त्यात काहीच नाही. भावोजी पिशवी घेऊन दुकानाच्या दारात उभे होते.

"वरची कडी फार घट्ट झालीय. तेल घाला जरा."

"संध्याकाळी घालतो."

"आईला जोर लावावा लागतो हो."

"घालतो म्हटलं ना. निघा तुम्ही, गाडी चुकेल."