तात्यांचा काळ्या

कडबनवाडीच्या रानात आम्ही तासभर चाललो, तरी हरीण दिसलं नव्हतं. साडीच्या काठाला कुसळं चिकटली होती. पुढं कुंडलिक तात्या, मागं मी. तात्या धनगर. दर उन्हाळ्यात खतासाठी त्यांची मेंढरं लासुर्ण्याला आमच्या रानात बसतात, ती ओळख. चिंकारा बघायला या म्हणून ते कधीचे मागं लागले होते.

त्यांचा एकुलता मुलगा सूरज बारामती एमआयडीसीत कामाला जाताना मोटारसायकलवरून पडून गेला. मग तात्यांनी मेंढरं निम्मी केली आणि शहरातल्या लोकांना रान दाखवायला लागले. पुण्याच्या एका साहेबानं शेळीचे फोटो काढून हरीण म्हणून घरी पाठवले, हे त्यांनी नक्कल करून सांगितलं. मला हसू आवरेना. तात्या स्वतः हसत नसत.

बोरीच्या झुडपापाशी ते थांबले. चिंकाऱ्याचं पाडस पडलं होतं, पोट फाडलेलं, अंग अजून ऊन. मी देवाचं नाव घेतलं. लांडगा का, म्हणून विचारलं. तात्यांनी नुसती शीळ घातली. झुडपामागून त्यांचा कुत्रा काळ्या शेपटी हलवत आला. तोंड रक्तानं माखलेलं.

काळ्याला सूरजनं घोंगडीत घेऊन वाढवलं होतं. तो गेल्यापासून कुत्रं त्याच्याच अंथरुणावर झोपतं, आणि त्याला भाकरी घातल्याशिवाय सूरजची आई, कुशाकाकू, जेवत नाहीत. हे दुसरं पाडस, तात्या म्हणाले. चटक लागलेलं कुत्रं उद्या कोकरांवर जाणार. वनखात्याला कळलं तर सगळ्या वस्तीची चराई बंद होणार. पण कुत्रं खंडोबाचं, त्याला मारायला हात उठत नाही, आणि घरी बांधलं तर काकू सोडून देतात. पाडसावर काटक्या टाकत टाकत त्यांनी हे सांगितलं. मग पटका सोडून काळ्याच्या गळ्यात बांधला आणि त्याला बाभळीला अडकवलं. काळ्या त्यांचा हात चाटत राहिला.

"सांजच्याला ह्याला तुमच्या उसात आणून सोडतो, माधवीताई. साखळीला बांधा. जगंल तितकं जगंल."

काकूंना कळलं तर त्या लासुर्ण्याला येऊन त्याला घेऊन जातील, मी म्हणाले.

"म्हनून तर. माझ्यावर तिचा इस्वास न्हाय. तुमी माळकरी, तुमचं ती खरं मानंल. आता घरी चला, आन् तुमीच तिला सांगा, काळ्याला लांडग्यानं नेला."