दाजीचा कान आन् खडकवेसचा डोंगर

म्या गाव सोडलं तवा सगळं खडकवेस डोंगरापतूर पोचवाय आलं व्हतं. रडाय न्हाय, म्या खरंच जातोय का ते बगाय. पिशवीत चार कडक भाकरी, शेंगाची चटणी आन् नव्या चपला, दोनीबी डाव्याच. बाजारातनं म्याच निवडून आणलेल्या.

माय म्हनली, "मोठा हो, न्हाय तर नगं हो. पर येताना डोंगराशी खरं बोल."

जे आमच्या गावचे न्हाईत त्यांच्यासाठी सांगतो. खडकवेस तुळजापुराकडच्या वाशीच्या पल्याड डोंगरात हाय, पर बाहीरनं दिसत न्हाय. म्होरं नुसती काळ्या दगडाची भित्ताड. जाताना ती काय इचारत न्हाय. येताना मातर तिच्याफुडं हुबं राहून, इतके दिस काय केलं ते खरं खरं सांगायचं. मग दगुड सरकतो. तुमच्याकडं कुलपं असत्यात, आमच्याकडं ह्ये.

तुळजापुरात म्या लॉजवर लागलो. गरम पाण्याच्या बादल्या उचलायच्या, चादरी झटकायच्या. वर्साच्या आत माज्या धाकट्या भनीचं, शेवंताचं, लगीन ठरलं. मायचा सांगावा आला, "लवकर ये. कान पिळाय तुज्याबिगर भाऊ न्हाय तिला." नवरीच्या भावानं नवरदेवाचा कान पिळल्याबिगर आमच्यात लगीन पुरं व्हत न्हाय.

उसना गॉगल लावून म्या डोंगराम्होरं हुबा राहिलो. आतून हलगी ऐकू येत व्हती. म्हंजी आतल्या लोकांनाबी माजं ऐकू जाणार. म्हनून जरा मोठ्यानंच वरडलो, "म्या लॉजचा मॅनेजर हाय!"

दगुड गप.

"बरं, आसिस्टंट मॅनेजर."

गप.

"बादल्यांचा इनचार्ज!"

जरा खरखर झाली, पर बोट शिरंल एवढीच फट पडली. फटीतनं मायचा आवाज आला, "आरं ए मॅनेजर, अक्षता पडल्या! नवरदेव कान फुडं करून बसलाय. बोल की खरं!"

"माय, समदी ऐकत्यात गं."

"ऐकू दे. न्हाय तर शेजारच्या गणूला सांगते कान पिळाय."

शेवंताला म्या कडेवर वागवलेली, आन् तिच्या लग्नात कान गणू पिळणार? गॉगल काढला आन् सांगून टाकलं.

"पैल्या दिशी लई भूक लागली व्हती. एका लॉजचं शटर बंद व्हतं. मला वाटलं, हितंबी आपल्यासारकंच असंल. शटरम्होरं हुबा राहून सगळं खरं सांगितलं. म्या अडाणी हाय, मला काय येत न्हाय, दोनी चपला डाव्या हायत, मायची आठवण येती. गर्दी जमली. एका बाईनं तर शटरला हात जोडलं आन् मला इचारलं, हितं कुठला देव हाय? शेवटाला शटर वर गेलं. मालक हसून हसून डोळं पुसत व्हते. म्हनले, ये बाबा, च्या पी, मग बादल्या उचल. आन् माय, अजूनबी दार दिसलं की म्या आधी त्याच्याशी बोलतो, मग कडी काढतो."

आत हसू फुटलं. हलगी थांबली. मग डोंगरच हलाय लागला, बारीक खडे घरंगळले, आन् दगुड असा झटक्यात सरकला की टेकून हुबा असलेला म्या तोंडावर आपटलो. तसाच धुळीत माखलेला मांडवात पळालो आन् दाजींचा कान असा पिळला की ते बिचारे म्हनले, "मॅनेजरसायेब, सोडा, कान जाग्यावर राहू द्या!" शेवंता पाठवणीचं रडू इसरून हसत सुटली.

सोलापूर, पुण्याला गेलेले आपले लई जण म्हनत्यात, डोंगर आता उघडत न्हाय. बाबांनो, तुमी लई मोठे झाला असाल, व्हय. पर एखादी बादली तरी सांडली असंल की! ती सांगा. आन् तुमी आत ऱ्हाणारे, आमी काय सांगतो ते ऐकाय भित्ताडीजवळ येत जावा.

माजं म्हनाल तर मला आता तुळजापुरात कसलीच लाज वाटत न्हाय. परवा गरम पाण्याची भरली बादली पाव्हण्यांच्या चपलांच्या ढिगावर ओतली. पाव्हणे वरडत व्हते, मालक वरडत व्हते, आन् म्या मनात म्हनत व्हतो, चला, घरी जायची सोय झाली.