गोजराक्कांच्या पिना

बावड्यात गोजराक्कांना न ओळखणारं माणूस सापडायचं नाही. सापडलंच, तर ते नुकतंच जन्मलेलं असणार आणि त्यांच्या हातची अंघोळ अजून व्हायची असणार. आमच्या भावकीतलं एकही लेकरू असं नाही, ज्याला अक्कांनी पायावर घेऊन न्हाऊ घातलं नाही. न्हाणीत पाय पसरून बसायच्या, लेकरू पालथं घालायच्या आणि तेल लावून असं रगडायच्या, की ते बोंब ठोकून दमायचं आणि मग दुपारपर्यंत ढाराढूर झोपायचं. माझी दोन्ही मुलं त्यांच्याच पायांवर मोठी झाली. मी त्यांची धाकटी जाऊ, विनया. इंदापुरात शाळेत शिकवत होते, आता घरीच असते. सासूचा धाक मला कधी वाटला नाही, तो सगळा या बाईंनी भरून काढला.

अशा बाईच्या एकुलत्या एका लेकीला, राजलक्ष्मीला, लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी दिवस गेले. ती दिल्लीला. नवरा, पुष्कर, तिकडंच नोकरीला. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आपल्याकडं कुणाला सांगावं लागत नाही. पण राजीचा रक्तदाब वाढला आणि डॉक्टरीणबाईंनी प्रवासाला साफ मनाई केली. लेकीला माहेरी येता येत नसेल, तर माहेरानं उठून लेकीकडं जायचं, इतका सरळ मामला. पुष्कररावांनी विमानाची तिकिटं काढतो म्हणून कळवलंसुद्धा. एक अक्कांचं, एक सोबतीला माझं.

आणि अक्का म्हणाल्या, "मला न्हाय जमायचं."

का, तर म्हैस व्यायला झालीय. म्हैस व्याली, तर उसाला तोड आलीय. तोड उरकली, तर पुन्हा म्हैसच, आता ती नीट धार देत नाही म्हणून. अक्कांचे मालक संभाजीदादा एकदा म्हणाले, "म्हशीचं मी बघतो की. तू जा." तर त्यांना ऐकून घ्यावं लागलं, "तुमी बघताय व्हय? ती तुमाला जवळ तरी उभी करंल का?"  दादांना वाटलं, बाई विमानाला भितीय.

मग मला राजीचा फोन आला. रडत असती तर बरं झालं असतं. कोरड्या आवाजात म्हणाली, "काकू, आईनं सगळ्या गावाची बाळंतपणं केली. माझ्या वेळेला म्हैस आडवी आली. तुम्ही तिला आता काही म्हणू नका. मी बाई लावते कामाला."

मला म्हणू नका म्हटलं की मी म्हणणारच. दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी धरून बावड्याला गेले. अक्का गोठ्यामागं गोवऱ्या लावत होत्या. मी चहाचीही वाट बघितली नाही.

"अक्का, लेकीपेक्षा म्हैस मोठी झाली का तुम्हाला? पोर तिकडं एकटी आहे. गावानं तोंडात शेण घालायची वेळ आणताय."

त्या ताडकन उठल्या. मला काहीतरी सणसणीत ऐकवणार होत्या, पण खोकल्याची उबळ आली. खोकता खोकता मधेच थबकल्या, गुडघे एकमेकांना घट्ट लावून उभ्या राहिल्या. मी खाली बघितलं. पायाशी माती ओली झाली होती. लुगड्याचा काठही.

"बघितलंस?" त्या म्हणाल्या. "आता जा आन् इंदापूरभर सांग."

माझा सगळा राग एका क्षणात पाणी झाला. मी त्यांचा शेणाचा हात धरला आणि दोघी तिथंच गवताच्या भाऱ्यावर बसलो.

"मला धरवत न्हाय, विने. खोकला आला, शिंक आली, हासू आलं, वज्जं उचललं, कशानं बी हुतं. जुन्या लुगड्याच्या घड्या घालती मी. त्या धुवायच्या, परसात कुणाच्या नदरंला पडू न्हाई म्हून गोठ्यात वाळवायच्या. कशी जाऊ मी दिल्लीला? तितं जावायाच्या घरात, त्येंच्या गादीवर?"

तेव्हा मला एकेका गोष्टीची संगती लागत गेली. गेली काही वर्षं अक्का लग्नाकार्याला जात नव्हत्या. गेल्याच तर आपलं पोतं घडी करून बरोबर न्यायच्या आणि त्यावरच बसायच्या. बायका म्हणायच्या, गोजराचं सोवळं लई वाढलंय. लोणी भापकरला त्यांचं माहेर, तिथं सख्ख्या भाच्याच्या लग्नालासुद्धा त्या सकाळी जाऊन अक्षता पडल्या की परतल्या होत्या. एसटीनं कुठं जायचं असलं, की आदल्या संध्याकाळपासून पाणी बंद. ते मात्र आमच्याकडच्या सगळ्याच बायका करतात, म्हणून त्याचं कुणाला काही वाटलं नव्हतं.

"डॉक्टरला दाखवलं का नाही?"

"काय सांगू? म्हातारी मुतती म्हून?"

यावर मला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही आलं. मी म्हटलं, "अहो, मोठ्या माणसांचे डायपर मिळतात. चड्डीसारखे घालायचे. वरून काही कळत नाही." त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी त्यांना झबलं-टोपडं घाला म्हणतेय.

इंदापुरातल्या मेडिकलवाल्याला आमचं अख्खं घराणं पाठ आहे. तिथून घेतलं असतं तर मी घरी पोचायच्या आधी पाकीट बावड्यात पोचलं असतं. म्हणून मी बारामती गाठली. अनोळखी दुकान बघितलं. तिथल्या मुलीनं विचारलं, "पेशंटची कंबर केवढी आहे?" मी म्हटलं, "पेशंट नाही, माझी जाऊ आहे. कंबर माझ्याएवढीच, पण तिच्यापुढं तसं म्हणायचं नाही." मुलगी हसली आणि काळ्या पिशवीत घालून दिलं.

अक्कांनी एक घालून बघितला. अंगणात दोन फेऱ्या मारल्या, खाली बसल्या, उठल्या, मुद्दाम खोकून बघितलं. आत येऊन म्हणाल्या, "बरं हाय. पर कागदच हाय की गं." मी म्हटलं, कागद नाही, वेगळं असतं ते. त्यांना काही पटलं नाही. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी दादांना म्हैस कशी चुचकारायची ते शिकवायला घेतलं, त्यावरून मी काय ते समजले.

तरी निघायच्या आदल्या दिवशी पुन्हा काटा रुतलाच. "शेजारच्या दादासाहेबाचा रविराज दुबईला गेला तवा त्येचा पट्टा काडला, बूट काडलं, टोपी बी काडली. इमानतळावर समदं काडाय लावत्यात म्हनं. माजं काडाय लावलं तर? आन् तितं बावड्याचं एखादं मानूस निगालं तर?"

"अक्का, ते मशीन लोखंडाला वाजतं. कापडाला काय वाजणार? आणि बायकांची तपासणी पडद्याआड बाईच करते. तुम्हाला कुणी काही काढायला लावणार नाही. माझ्या शब्दावर चला." एकदा विमानात बसलेल्या माणसाला जेवढा तोरा असतो, तेवढा माझ्यात होताच.

पुण्याच्या विमानतळावर अक्का माझ्या पदराला धरूनच चालत होत्या. सामान गेलं, रांग पुढं सरकली. बायकांच्या रांगेत मी त्यांना पुढं घातलं. मशीनच्या चौकटीतून त्या गेल्या आणि ती वाजली. मी मागून म्हटलं, "काही नाही, पाटल्या असतील." खाकीतल्या बाईनं त्यांना पडद्याआड नेलं. अक्कांनी माझा पदर सोडला नाही, म्हणून तिनं मलाही आत घेतलं.

तिच्या हातातलं यंत्र गळ्याशी जरा कुरकुरलं, बांगड्यांशी कुरकुरलं. कमरेशी आल्यावर मात्र ते जे केकाटायला लागलं, ते थांबेचना. डावीकडं केकाटलं, उजवीकडं केकाटलं, मागं कासोट्याशी तर नुसता गोंधळ.  कापडाला काय वाजणार, असं छातीठोकपणे सांगणारी मी, आणि अक्का माझ्याकडं अशा बघत होत्या की मान वर करवेना.

"अम्मा, अंदर क्या है?" बाईनं विचारलं.

अक्कांनी तोंड भिंतीकडं केलं. निऱ्यांत हात घातला आणि एक पीन काढून तिच्या तळहातावर ठेवली. मग दुसरी. मग कमरेच्या दुसऱ्या बाजूची. मग मागं हात नेऊन आणखी काही. बाईचा तळहात भरत चालला होता.

"अक्का, हे काय?"

"कागदाचा काय भरवसा? सुटून खाली आलं म्हंजी? म्हून सगळीकडनं लुगड्याला टाचलं."

आता यात त्यांचं काय चुकलं? आमच्याकडच्या बाईच्या बांगडीत पिनांचा झुबका असतोच. पदर सरकला, लाव पीन. ब्लाऊजचं हूक तुटलं, लाव पीन. पीन लावली की ते कापड हलत नाही, यावर आमची जेवढी श्रद्धा, तेवढी देवावरही नसेल. यंत्र पुन्हा फिरलं आणि गप्प राहिलं. मग त्या बाईनं वरूनच हातानं चाचपलं आणि तिच्या लक्षात आलं. अक्कांनी डोळे मिटून घेतले होते. दोन्ही हात कमरेवर गच्च. आता हे काढा, असं ती म्हणणार आणि आपण इथूनच माघारी जाणार, असं त्यांनी मनाशी धरलंच होतं, हे मला दिसत होतं.

ती हळू आवाजात म्हणाली, "डायपर है ना? पहले बता देतीं, अम्मा. रोज़ आती हैं पहनके."

"काडना हय?" अक्कांनी डोळे न उघडता विचारलं.

"नहीं, नहीं. यह पहने रहो. बस, हो गया." तिनं पिना त्यांच्या हातात परत दिल्या आणि पडदा बाजूला केला. बाहेर रांगेतल्या बायका आपापल्या पिशव्या सांभाळत होत्या. आमच्याकडं कुणी बघितलंसुद्धा नाही.

आम्ही पलीकडच्या खुर्च्यांवर बसलो. अक्कांनी पिना एकेक करून बांगडीत ओवल्या. मग म्हणाल्या, "पानी दे." सकाळपासून त्यांच्या तोंडात थेंब नव्हता, मला ठाऊक होतं. अख्खी बाटली प्यायल्या.

"विने, रोज येत्यात म्हनली ती."

"हो की."

"म्हंजी बाया घालत्यात आन् जात्यात. आन् मी आपली गोठ्यात घड्या वाळवत बसले." पदरानं तोंड पुसून त्या उठल्या आणि विमानात सीटवर तशाच बसल्या. पोतं पिशवीतून काढलंच नाही.

दिल्लीत राजीनं आईचं स्वागत केलं ते पाहुणीसारखं. चहा, नाश्ता, सगळं वेळेवर. आणि रोज सकाळी न चुकता एक प्रश्न, "म्हैस कशी आहे, आई?" अक्का मुकाट्यानं सांगायच्या, "बरी हाय." मला राहवत नव्हतं. मी म्हटलं, सांगून टाका ना तिला खरं. तर म्हणाल्या, "पोर नाजूक हाय. आईचं हे ऐकून काय वाटंल तिला? बसू दे रागात."

राजीला मुलगी झाली. बाळंतपण अवघड गेलं, पण दोघी सुखरूप घरी आल्या. दिल्लीच्या त्या चिंचोळ्या बाथरूममध्ये अक्कांनी पाय पसरले, नात पालथी घातली आणि तिची बोंब शेजारच्यांनी ऐकली. राजी दारातून बघत होती. तोंडावर हसू होतं, पण आईशी बोलणं मोजकंच.

एका सकाळी अक्कांनी बाळाला धुरी दिली आणि राजीला हाक मारली, "ऊठ, तुजं बी अंग चोळती." राजी पलंगावरून उठेना. "नंतर." मी चादर बदलायला गेले, तर तिनं चादर घट्ट धरली. "काकू, राहू दे. मी करीन." गुडघे जवळ घेऊन, मान खाली घालून बसली होती. मला काही कळलं नाही. अक्कांनी मात्र तिच्याकडं एकदा बघूनच ओळखलं. आत गेल्या, आपल्या पाकिटातून एक डायपर काढून आणला आणि लेकीच्या मांडीवर ठेवला.

राजीनं ते उलटसुलट करून बघितलं. "हे कुणाचं?"

"माजं."

"आई, तुला...?"

"तू झालीस तवापासनं. आधी जरासं हुतं, मंग वाढत गेलं." त्या तिच्याशेजारी, त्या ओल्या चादरीवरच बसल्या. "म्हून येत नव्हते गं मी. म्हैस कशाची? म्हशीसाठी कुनी लेकीला टाकतं व्हय? मला लाज वाटत हुती, जावायाच्या घरात काय हुईल म्हून. मी कुनाला सांगितलं न्हाय आन् जलम गोठ्यामागं घालवला. तू लपवू नगंस. डॉक्टरनीला सांग."

राजीनं आईच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि इतक्या दिवसांचं सगळं रडून घेतलं. बाळही मध्येच सुरू झालं. मी बाळ उचलून घेतलं, कारण त्या दोघींना सोडवण्यात काही अर्थ नव्हता.

मग राजीनं डोळे पुसले, फोन उचलला आणि डॉक्टरीणबाईंना लावला. मी म्हटलं, आता ही चाचरणार. पण तिनं स्पष्ट सांगितलं, काय होतंय आणि कधीपासून. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं.

"नाही, एकटीला नाही," राजी म्हणाली. "दोघींना दाखवायचंय. मला आणि माझ्या आईला."

अक्का तिचा हात हातात घेऊन बसल्या होत्या. त्या नको म्हणाल्या नाहीत.