मधल्या सतरंजीवरचा आवाज

खुशालला मीटर घ्यायला मीच लावलं, हे आधीच कबूल करतो.

खुशाल ऊर्जानगरच्या वीज केंद्रात हेल्पर, मी तिथलाच स्टोअर क्लार्क. दोघंही पोंभुर्ण्याच्या एकाच मोहल्ल्यातले. भीमजयंतीला भाड्याचा लाउडस्पीकर आमच्याकडे कधी आलाच नाही. दरसाली नवं कारण. चौऱ्याऐंशी साली खुशालचं डोकं फिरलं. आता आपलाच बनवू, म्हणाला. घाई होती ती गिरजाबाईंमुळे. छप्पन साली पायी चांद्याला, म्हणजे चंद्रपूरला, जाऊन बाबासाहेबांच्या हातून दीक्षा घेतलेली ही बाई पहिल्यांदाच चार शब्द बोलायला तयार झाली होती, आणि तिचा आवाज दिवसेंदिवस खोल चालला होता.

भंगारातून दोन स्पीकर मिळाले. त्यांची खोकी पॅकिंगच्या फळ्यांतून उभी राहिली. दोन्हींच्या तारा बरोबर जोडल्यात का हे तपासायला काय घ्यावं, यावर मात्र आमचा आठवडा वादात गेला. आरमोरीच्या लटारू रेडिओवाल्यानं खुशालला सांगितलं होतं की टॉर्चचा एक सेल पुरतो. स्पीकरच्या तारा सेलला टेकवायच्या, आतला थरथरणारा कागद पुढे येतो की मागे जातो ते बघायचं. दोन्ही स्पीकरचा एकाच दिशेनं हलला पाहिजे. मी हसलो. वीज केंद्रातला माणूस सेलनं मोजणार? काट्याचा मीटर घे, लोकांना दाखवायला तरी बरा. मला आकड्यांचा भारी सोस. खुशालनं जुना मीटर घेतला. काटा दोन्ही स्पीकरवर सारखाच हलला, आम्ही खूश झालो आणि खोक्यांच्या तोंडांवर कापड ठोकून टाकलं. एकेका खोक्याला कान लावून ऐकलं, झकास.

जयंतीला मंचाच्या दोन्ही बाजूंना खोकी ठेवली. गिरजाबाईंबरोबर चांद्याला गेलेल्या म्हाताऱ्यांना मानाची जागा म्हणून बरोबर मधली सतरंजी दिली. आम्ही दोघं एका खोक्याशेजारी उभे होतो. बाई दहा मिनिटं बोलल्या. नंतर म्हाताऱ्यांना विचारलं, तर सगळे म्हणाले, "लय साफ आयकू आलं बापा."

पुढच्या जयंतीच्या तोंडावर उंदरानं एका खोक्याचं कापड कुरतडलं. खुशालनं दोन्ही उघडली आणि सहज सेल लावला. एकाचा कागद पुढे आला, दुसऱ्याचा मागे गेला. मीटरला हे कळतच नाही. कागद असे उलटसुलट हलले की दोन आवाज एकमेकांना खातात, तेही नेमके मध्ये. बाजूला उभ्या माणसाला पत्ताही लागत नाही. म्हाताऱ्यांनी आमचं मन राखलं होतं, इतकंच. खुशालनं एका खोक्याच्या तारा उलट्या जोडल्या.

पंच्याऐंशीच्या जयंतीला गिरजाबाईंचा आवाज बसलेला होता, त्यामुळे त्या स्वतःच मधल्या सतरंजीवर होत्या. कार्यक्रम संपल्यावर त्यांनी आम्हाला जवळ बोलावलं. कुजबुजल्यासारखं बोलत होत्या, वाकावं लागलं.

"आज लय साफ आयकू आलं बाबू. मागच्या साली मी बोलली, तवाई ह्या म्हाताऱ्यायले असंच आयकू आलं असन न?"

खुशाल माझ्याकडे बघत राहिला. शेजारी बसलेले म्हातारे सतरंजीकडे बघू लागले.

"हो बाई," मी म्हणालो. "असंच."