धाकटीचा खुबा

माझी धाकटी जाऊ गालिचे दुरुस्त करते. दुकानाच्या मागच्या खोलीत, पसरलेल्या गालिच्याच्या कडेला ती सकाळी जमिनीवर बसते ती जेवायलाच उठते. उंदराने कुरतडलेलं भोक लोकरीने असं भरते की मालकालाही ते कुठे होतं ते दाखवता येत नाही. दीर आजारी पडल्यापासून घर तिच्या सुईवर चाललंय, पण तोंड कधी उतरलेलं नाही. बोटं वाकडी झाली, चष्मा जाड झाला. बैठक मात्र तशीच आहे.

त्या बैठकीवर माझा डोळा. संध्याकाळी घरात प्रार्थना मी सांगते, वाचनही माझंच. पण माझ्या उजव्या जांघेत कळ येते, म्हणून मी खुर्चीवर. ही खाली ऐसपैस. निम्मं लक्ष लोकरीच्या रंगांत, तरी देवाच्या पायाशी हीच. मला ते सहन होत नसे.

खुब्याच्या वाटीत फिरणाऱ्या गोळ्याच्या मानेवर हाडाचा उंचवटा आहे, तो वाटीच्या कडेला घासतो, असं डॉक्टरीणबाईंनी मला सांगितलं होतं. आधी व्यायाम, नाहीच जमलं तर ऑपरेशन. व्यायाम मी चार दिवसांत सोडला. उंचवटा तासून घेतला की धाकटीसारखी खाली बसेन, हे मनात पक्कं केलं होतं. ऑपरेशनची तारीख मागायलाच आज जायचं होतं.

काल धाकटी दुकानाच्या पायरीवरून घसरली. मांडी काळीनिळी झाली, म्हणून तिलाही सोबत नेलं. तिचा एक्स-रे निघाला. बाईंनी तो उजेडात धरला, मग माझा जुना काढून शेजारी लावला.

"मोडलेलं काही नाही. पण तुम्ही दोघी बहिणी का?"

"जावा," मी म्हटलं.

"खुबे मात्र बहिणींचे दिसतात. उलट हिचा उंचवटा तुमच्यापेक्षा मोठा."

मी चष्मा पुसून पाहिलं. मोठाच होता. बाईंनी धाकटीला झोपवून दुसऱ्या, न लागलेल्या पायाचा गुडघा छातीकडे नेला, आत वळवला. फोटोत तिथेही तसंच हाड होतं. पाय मध्येच थांबला.

"दुखतं?"

"नाही, अडतं. माझं लहानपणापासून असंच. म्हणून तर मी पाय बाहेर टाकून बसते."

"अशी हाडं घेऊन कितीतरी लोक रस्त्याने फिरतात, त्यांना पत्ताही नसतो. घडणच तशी असते. नुसता फोटो बघून मी कापत नाही." मग माझ्याकडे वळल्या. "व्यायाम केलात?"

मी पर्स उघडून उगाच काहीतरी शोधलं.

"मग तारीख नाही. तीन महिने व्यायाम करा. आणि हट्टाने मांडी घालायची नाही."

परतताना धाकटी लंगडत होती, तरी हसत होती. "ताई, आपला खुबा एकसारखा निघाला की हो."

"हो. दुखायला तेवढा माझा."

"तुम्ही वाचता ना एवढं, विचारा देवाला."

तिचा गालिचा हाताशी असता तर मी तिथेच तिच्या डोक्यात घातला असता. हाड तिचं वाईट आणि सुखही तिचंच. तिची बैठक गुळगुळीत हाडामुळे आहे, एवढ्या आधारावर मी तिला माफ करत आले होते. तोही गेला.

संध्याकाळी तिने माझ्याशेजारी दुसरी खुर्ची ओढली.

"खाली बस," मी म्हटलं. "बसता येतंय तर बस."

"रागावून म्हणताय."

"रागावूनच म्हणतेय."

ती बसली, दुखरी मांडी सांभाळत, पाय बाहेर टाकून. प्रार्थनेत आज मी काही मागितलं नाही, तोंडाने नुसतं म्हणत गेले. नंतर भिंतीकडे तोंड करून सतरंजीवर आडवी झाले आणि पाय उचलायला लागले.

"ताई, कंबर उचलताय तुम्ही. पाय आहे तिथेच आहे."

"तू तुझं भोक भर," मी म्हटलं, आणि पाय पुन्हा खाली ठेवून पहिल्यापासून सुरुवात केली.