ह्यांनी उसवलेली गोधडी

माझ्या नवऱ्याने जन्मभर दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढल्या आणि त्याचाच पगार घेतला. वेल्डिंग इन्स्पेक्टर. दम्मामच्या आजूबाजूला वाळूतून पाइपलाइनी गेल्या आहेत, त्यांच्या जोडांवर टॉर्च घेऊन वाकायचं, निरखून बघायचं आणि 'पास' नाहीतर 'रिजेक्ट' म्हणायचं. घरीही तेच. पोळीचा काठ जाड राहिला तर हे तोंडाने काही बोलायचे नाहीत, पण तो काठ ताटाच्या कडेला काढून ठेवलेला असायचा. इतकी वर्षं मी ते काठ गच्चीवरच्या कबुतरांना घातले. कबुतरांनी एकदाही तक्रार केली नाही.

मग प्रोजेक्ट संपला आणि कंपनीने ह्यांनाच कडेला काढून ठेवलं.

सौदीत नोकरी जाते तेव्हा नुसती नोकरी जात नाही. ह्यांचा इकामा, म्हणजे राहायचा परवाना, कंपनीच्या जोरावर आणि माझा ह्यांच्या. दुसरा कफील, म्हणजे परवान्याला जामीन राहणारा मालक, मिळाला तर राहायचं, नाहीतर फायनल एक्झिट घेऊन गाशा गुंडाळायचा. साठीकडे झुकलेल्या माणसाला नवा कफील मिळणं किती अवघड आहे, हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. ह्यांनाही कळलं असणारच. तरीही हे रोज सकाळी उठून दाढी करायचे, इस्त्रीचा शर्ट घालायचे, गाडी काढायचे आणि जेवायच्या वेळेला परत यायचे. कुठे जाता म्हणून विचारलं तर, "एकदोघांना भेटायचंय." एकदा मी टॅक्सीने कॉर्निशवरून, म्हणजे समुद्रकाठच्या रस्त्याने, येत होते, तर आमची गाडी समुद्राकडे तोंड करून उभी दिसली. हे आत बसले होते, काचा वर करून, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून. मी टॅक्सीवाल्याला थांब म्हणाले नाही. घरी येऊन ह्यांच्या आवडीची भरली वांगी केली आणि मसाला भरता भरता रडून घेतलं. ह्यांना त्यातलं काही सांगितलं नाही.

त्यात मुलगी पुण्यात दोन जिवांची होती. पहिलं बाळंतपण, म्हणजे ते माहेरी व्हायचं. पण तिचं माहेर दम्मामात, तेही संपत आलेल्या इकाम्यावर. म्हणजे मलाच पुण्याला जायला हवं होतं, नववा लागायच्या आत. तिला यातलं काही कळू द्यायचं नाही, अशी ह्यांची सक्त ताकीद. "अशा दिवसांत तिच्या डोक्याला ताप नको." तिचा फोन आला की ती विचारायची, "बाबा साइटवर?" आणि मी "हो, साइटवर," म्हणायचे. मला खोटं बोलता येत नाही असं मुळीच नाही, माझ्या बहिणींना विचारा. पण रोज तेच एक खोटं बोलत राहिलं की जीव विटून जातो.

पुण्याला जायचा विषय काढला की हे म्हणायचे, "पुढच्या आठवड्यात जुबैलला एकाला भेटायचंय, मग बघू." पुढचा आठवडा आला की तो आणखी पुढे जायचा. मला मुलीपाशी असायलाच हवं होतं. आणि गाडीच्या काचा वर करून समुद्राकडे बघत बसणाऱ्या माणसाला एकटं टाकून विमानात बसायची माझी छाती होत नव्हती. कसली भीती वाटत होती, त्याचा शब्द मी मनातसुद्धा उच्चारत नसे. मी फक्त रोज दुपारी गाडीचा आवाज कधी येतो, तिकडे कान लावून बसायचे.

शेवटी मीच तोडगा काढला. म्हटलं, "बाळासाठी गोधडी शिवायला घेते. ती पुरी झाली की निघायचं. तोवर कफील मिळाला तर ठीक, नाहीतर खलास." ह्यांनी मान हलवली. तारीख सांगितली असती तर ती हलली नसती. गोधडी बिचारी कॅलेंडरवर नसते.

गोधडीला जुनं कापड लागतं. धुऊन धुऊन मऊ पडलेलं, सुती. परदेशात राहणाऱ्या बाईकडे तेच नसतं. दर सुट्टीला बॅगेचं वजन करताना आधी जुनंच बाहेर फेकलं जातं. कपाट उपसलं तेव्हा माझ्या दोन विटक्या सुती साड्या, ह्यांची एक लुंगी आणि चार उशांचे अभ्रे निघाले. मग शेजारच्या भाभींकडे गेले. भाभी रत्नागिरीकडच्या, आमच्या आधीपासून या इमारतीत आहेत. त्यांनी सासूच्या जुन्या ओढण्यांचं बोचकंच माझ्या हातात दिलं. "ने गो, माज्या काय कामाच्या? पोराच्या अंगाला मऊ लागतील." आणि मग आवाज खाली आणून, "भाईंचं झालं काय कुठे?"

म्हणजे सगळ्या इमारतीला माहीत होतं. इस्त्रीचा शर्ट आम्ही फक्त एकमेकांसाठी सांभाळत होतो.

हॉलमधला गालिचा गुंडाळला, फरशी पुसली आणि कापडाचे थर एकावर एक अंथरले. वर साडी, खाली साडी, मध्ये ओढण्या, लुंगी, अभ्रे. चारी कोपऱ्यांवर तांदळाचे नि डाळीचे डबे ठेवून सुरकुत्या काढल्या, कडा टाचल्या आणि काठापासून आत आत धावदोरा घालायला बसले. शिवण मला येते ती शाळेतल्या शिवणाच्या तासापुरती. बाईंनी तेव्हाही माझ्या टाक्यांना फार मार्क दिले नव्हते.

दुसऱ्या दिवशी हे बाहेरून आले, चपला काढल्या आणि माझ्या डोक्याशी उभे राहिले. ह्यांच्या तोंडून कित्येक दिवसांत "मीठ दे" याच्यापलीकडे शब्द आला नव्हता.

"हा रिजेक्ट," हे म्हणाले.

मी वर पाहिलं. ह्यांचं बोट एका टाक्यावर होतं. इतरांपेक्षा जरासा लांब होता बिचारा.

"अहो, ही गोधडी आहे, गॅसची लाइन नाही. फुटून कुणी मरणार नाही."

"लांब टाक्यात बाळाचं बोट अडकेल."

बरोबर होतं ते. बरोबर होतं म्हणूनच माझं डोकं फिरलं. मी दोरा तोंडात धरून काहीतरी पुटपुटले, तोवर हे मुलीच्या खोलीत गेले आणि तिची शाळेची कंपासपेटी घेऊन आले. त्यातल्या कर्कटकाच्या टोकाने ह्यांनी तो टाका उचलला आणि मागचे चार-पाचही उसवून ठेवले. मला राग आला होता आणि त्याच वेळी इतकं बरं वाटत होतं की काय सांगू. माणूस बोलला होता.

त्यानंतर सकाळचं बाहेर जाणं बंद झालं. हे टॉर्च आणि भिंग घेऊन माझ्यासमोर मांडी ठोकून बसायचे. एक ओळ झाली की तपासणी. पास झाली तर ओळीच्या टोकाशी खडूने बरोबरची खूण. नाही झाली तर कर्कटक. मी म्हणायचे, "तुमच्या हाताखालच्या वेल्डरांनी तुम्हाला वाळूत पुरलं कसं नाही?" हे म्हणायचे, "त्यांचे जोड तुझ्यापेक्षा सरळ असायचे." एक दिवस मी दोऱ्याचं रीळ फेकलं. ते सोफ्याखाली गेलं. "मग तुम्हीच शिवा!"

हे खाली वाकले, रीळ काढलं, चष्मा पुसला आणि शिवायला बसले. सुईत दोरा ओवायला अर्धा चहा गार होईस्तोवर वेळ लागला, पण नंतर जे टाके पडले ते बघायला मी चष्मा लावून खाली वाकले. तांदळाच्या कण्या ओळीने मांडाव्यात तसे. मला असूया वाटली, उगाच कशाला खोटं बोलू? मग मी अंगुस्तान ह्यांच्या बोटात चढवलं आणि आम्ही दोघं दोन बाजूंनी शिवायला लागलो. शिवताना हे बोलायचे. साइटवरच्या थंडीबद्दल, कुठल्याशा जोडाबद्दल, मुलगी लहानपणी गाडीत झोपायची त्याबद्दल. मला वाटलं, सुटलो. माणूस माणसात आला, आता निघताना फार ओढाताण होणार नाही.

फक्त गोधडी पुढे सरकत नव्हती.

आज चार ओळी व्हाव्यात आणि उद्या बघावं तर त्यातल्या तीन उसवलेल्या. "दोरा सैल होता." "कापड चुण्या घेत होतं." पोट वाढत होतं तिकडे पुण्यात, आणि इकडे आमची गोधडी काठापासून हातभर आत येऊन थबकली होती. मुलगी फोनवर म्हणायची, "आई, कधी येतेयस? प्लीज, लवकर ये ना." मी "आलेच" म्हणायचे आणि फोन ठेवून नवऱ्याच्या स्वभावाला मनातल्या मनात शिव्या घालायचे. किचकट, चिकित्सक, जन्मात कशाने समाधान नाही. लग्न ठरवताना माझ्या वडिलांनी म्हणे माणूस पारखून घेतला होता.

एका दुपारी मी खालच्या दुकानातून कोथिंबीर आणायला गेले आणि पैशाचं पाकीट घरीच राहिलं म्हणून जिन्यातून परत फिरले. दार लोटलेलंच होतं. हे गोधडीवर वाकून उसवत होते. टॉर्च बाजूला बंद पडलेली. भिंग खिशात. चष्मासुद्धा कपाळावर चढवलेला. ज्या ओळीतून कर्कटक चाललं होतं, तिच्या टोकाशी खडूची खूण होती.

"ती पास केलीय तुम्ही," मी म्हणाले.

ह्यांचा हात थांबला.

"आणि शिवलीयही तुम्हीच."

 हे खाली बघतच म्हणाले, "ही पुरी झाली की तू जाशील."

"आपण जाणार आहोत."

"तू जाशील," हे पुन्हा म्हणाले. "मी तिथे जाऊन काय करू? जावयाच्या दारात रिकामा सासरा म्हणून बसू? सकाळी उठून अंघोळ करून कुठे जाऊ? इथे निदान कॉर्निशला गाडी लावून बसता येतं. कुणी विचारत नाही."

आणि मग, अगदी हळू, "पण तू गेल्यावर मला तेही जमणार नाही. घरी परत कुणासाठी यायचं?"

खरं सांगते, मला आधी दया आली नाही. संताप आला. इतके दिवस मी ज्याला किचकटपणा समजून चिडत होते, ती ह्या माणसाची धडपड होती मला धरून ठेवायची, आणि ती त्याने मला एका शब्दाने सांगितली नव्हती. मीही कुठे सांगितलं होतं, मी ती गाडी पाहिली होती म्हणून? दोघंही शहाणे. एकाच घरात बसून एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होतो आणि मध्ये गोधडी उसवत होती. ह्यांचे केस मागून किती विरळ झालेत, हे मला तेव्हा दिसलं. मी तिथेच फरशीवर बसले.

पण बसून काही होणार नव्हतं. मी फोन उचलला आणि मुलीला लावला. स्पीकरवर.

"बाबांची नोकरी गेलीय," मी म्हणाले. "बरेच दिवस झाले."

ह्यांनी हात वर केला, मला थांबवायला, आणि तो तसाच राहिला. माझ्याकडे असं बघितलं की मी ह्यांच्या थोबाडीत मारली असती तरी तसं बघितलं नसतं.  पलीकडून नुसता मुलीच्या घरातल्या पंख्याचा आवाज येत होता. मला वाटलं, चूक केली. आता हिला काही झालं तर हा माणूस मला उभ्या जन्मात माफ करणार नाही, आणि मीही स्वतःला करणार नाही.

"बाबा," ती म्हणाली. "बाबा, आर यू देअर?"

 "आहेत," मी म्हणाले.

"बाबा, मग तुमच्याकडून एक काम होईल का? अ‍ॅक्च्युअली मला कुणाला सांगावं कळत नव्हतं. ऐन वेळी मला हॉस्पिटलला न्यायला कुणीच नाहीये. ह्याला रजा मिळत नाहीये, आणि त्या कॅबवाल्यांवर माझा अजिबात भरवसा नाही. तुम्ही याल? गाडी तुम्ही चालवाल?"

 हे खाकरले. कर्कटक पेटीत ठेवलं, पेटीचं झाकण लावलं आणि फोनकडे सरकून बसले.

"घरापासून किती लांब आहे?"

"ट्रॅफिकवर आहे, बाबा. मध्ये पुलाचं काम चाललंय."

"मग आधी दोनतीनदा जाऊन बघायला लागेल. वेगवेगळ्या वेळी." ह्यांचा आवाज अजून फाटका होता, पण तो साइटवरचा आवाज होता. "दुसरा रस्ता असेलच. गाडीचे टायर कधी बदललेत? त्याला विचारून ठेव."

जावयाची रजा कधीच मंजूर झाली होती. मुलीनेच मला तसा मेसेज पाठवला होता, पुढे नाचणारा चेहरा टाकून. मी अवाक्षर काढलं नाही.

"हॉस्पिटलला मागून गेट आहे का?" हे विचारत होते.

"माहीत नाही बाबा," ती म्हणाली. "तुम्हीच येऊन बघा."