कवटीला नाडा नसतो

सलाईनची बाटली टांगण्याआधी तिच्यावरचं लेबल मोठ्यानं वाचायचं, हा कदम मॅडमचा नियम होता. नांदेडच्या आमच्या दवाखान्यात भूल देणाऱ्यांत त्या सर्वांत ज्येष्ठ, आणि मी त्यांच्या हाताखाली नवा. आपल्याला वाचता येतं असा माझा समज होता. तो त्यांनी पहिल्याच दिवशी दूर केला. मेंदूच्या ऑपरेशनला मी सवयीनं ग्लुकोजची बाटली उचलली होती.

"पंगत वाढायलास का? त्यातली साखर शरीर खाऊन टाकतं, उरलेलं पाणी मेंदूत शिरतं. पोट फुगलं तर नाडा सैल करता येतो. कवटीला नाडा हाय का?"

आमच्याकडे ग्लुकोजला 'ताकदीची बाटली' म्हणतात. ती टांगली नाही तर उपचार झाले यावर किनवटपासून अहमदपूरपर्यंत कुणाचा विश्वास बसत नाही. मॅडम नातेवाइकांना हात जोडून सांगायच्या, "ताकद लई हाय तुमच्या पेशंटात. मेंदूत जागा न्हाई."

चार वर्षांनी त्यांच्याच मेंदूत गाठ निघाली. भूल द्यायला त्यांनी मलाच निवडलं. एवढा मोठा सन्मान मला खरं तर नको होता. अहमदपूरहून त्यांचे धाकटे भाऊ माणिकराव आले आणि माझा हात धरून म्हणाले, "डॉक्टर, एकच बहीण हाय माझी. ताकदीची एक बाटली लावा की वो."

"ह्याला बाहेर बसवा," मॅडम स्ट्रेचरवरून म्हणाल्या, "नसता स्वतःच लावंल."

टेबलावर त्यांनी माझ्याकडून लेबल वाचून घेतलं. नॉर्मल सलाईन. मुदतही वाचायला लावली, आणि मगच झोपल्या.

दर तासाला रक्तातली साखर तपासायची, हाही त्यांचाच नियम. दुसऱ्या तासाला ती धोक्याच्या खाली गेलेली दिसली. साखर अशी उतरली तर मेंदू उपाशी मरतो. चार वर्षं ज्या ग्लुकोजवरून मी शिव्या खाल्ल्या, तेच आता द्यायचं होतं. कमी पाण्यात जास्त साखर असलेली कडक ग्लुकोजची छोटी बाटली उचलली, लेबल मोठ्यानं वाचलं, मोजून हळूहळू दिलं. पुन्हा तपासलं. साखर वर आली आणि ऑपरेशन पार पडलं.

तिसऱ्या दिवशी घाबरतच मी त्यांना सगळं सांगितलं. माणिकराव खुर्चीतून उठलेच. "म्हणलो नव्हतो का म्या? ताकदीनंच वाचली!"

त्यांच्याकडे दुर्लक्ष करून मॅडमनी विचारलं, "लेबल वाचलंस?"

"हो. मोठ्यानं."

 मग त्या हळूच म्हणाल्या, "त्या दिवशी सकाळी उपाशीपोटी शुगरची गोळी घेतली रे मी. सवयीनं. हातात काय हाय ते बघितलं न्हाई."

बाईंनी चूक कबूल केलेली मी पहिल्यांदाच ऐकत होतो. टोमणा मारायची संधी आयती चालून आली होती, पण मी त्यांची चादर सारखी केली. मॅडम बऱ्या झाल्या, पण पुन्हा कामावर आल्या नाहीत. मी मात्र अजून मोठ्यानं वाचतो, आणि वाचून झालं की त्या 'मुदत?' म्हणतील म्हणून क्षणभर थांबतो.